एकशे ब्याऐंशी कॉफ्या

निघण्याआधी

अलास्काच्या सात रात्रींच्या क्रूझचं तिकीट काढून आठवडाही झाला नसेल, तोच जहाजकंपनीच्या मेल्सचा मारा सुरू झाला. पेयांचं पॅकेज, इंटरनेटचं पॅकेज, फोटोंचं पॅकेज, खास रेस्टॉरंटांचं पॅकेज आणि हे सगळं एकत्र बांधलेलं एक महापॅकेज. प्रत्येक मेलच्या तळाशी एक घड्याळ उलटं धावत असे: सवलत संपायला इतके तास उरले. ती संपली की दुसऱ्या दिवशी तीच सवलत नवं नाव लावून हजर.

आम्ही चौघं निघालो होतो. मी, ही, माझी ताई आणि दाजी. दाजींचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, पेयांचं पॅकेज घ्यायचं. "एकदाचे पैसे भरले की डोक्याला ताप नाही. सुट्टीवर जायचं आणि दर घोटाला हिशेब करत बसायचं?" मुद्दा बिनतोड वाटावा असाच होता. अडचण नियमांत होती. आमच्या जहाजावर केबिनमधल्या एकाने मद्याचं पॅकेज घेतलं, तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढानेही ते घ्यायलाच हवं. नाहीतर एकाच्या कार्डावर दोघं पितील, हे कंपनीला आपल्याआधी सुचलेलं असतं. शिवाय घ्यायचं तर सगळ्या रात्रींसाठी. फक्त समुद्रावरच्या दोन दिवसांपुरतं मागितलं तर मिळत नाही. दाजी घेणार म्हणजे ताईलाही घ्यावं लागणार. आणि ताई वाइनचा एक ग्लास घेते, त्यातला अर्धा ठेवते.

हिने कागद ओढला. "डॉलर नकोत. डॉलर म्हटलं की तुम्ही सगळे लगेच गुणाकार करत बसता. कॉफीत सांगते." जहाजाच्या कॅफेतली एक लाटे कॉफी म्हणजे एक नाणं. मेन्यूकार्ड वेबसाइटवर होतंच. त्यावर 18 टक्के सेवाशुल्क लागतं, पण ते पॅकेजलाही लागतं, त्यामुळे दोन्हीकडे समान. त्या हिशेबाने कॉकटेल अडीच कॉफ्यांना, बिअर किंवा वाइनचा ग्लास जवळपास दोन कॉफ्यांना. आणि पॅकेजचा दर माणशी रोज तेरा कॉफ्या. सात रात्री, दोन माणसं.

"एकशे ब्याऐंशी," ही म्हणाली. "दाजी, तुम्हाला दोघांना मिळून एकशे ब्याऐंशी कॉफ्या प्यायच्या आहेत. तेव्हा कुठे फिटंफाट."

दाजींनी मिशीतल्या मिशीत हसून विचारलं, "कॉकटेलमध्ये किती होतात?"

"त्र्याहत्तर."

"जमेल की."

खरं तर साधी कॉफी, चहा, पाणी, आइस्ड टी, लेमोनेड आणि न्याहारीचा ज्यूस एवढं सगळं तिकिटातच येतं. पैसे पडतात ते मद्याला, शीतपेयांना, बाटलीतल्या पाण्याला आणि मशीनवर बनवलेल्या कॉफीला. जाहिरात वाचताना हे लक्षात राहत नाही, जणू पॅकेज नसलं तर घसा कोरडाच राहणार. आम्ही दोघांनी घेतलं नाही. ताई-दाजींनी घेतलं. मी मात्र हिला न सांगता इंटरनेटचं पॅकेज घेऊन टाकलं, सात दिवसांचं, उलटं घड्याळ बघून.

पहिला दिवस : व्हँकूव्हर

कॅनडा प्लेसवर पांढऱ्या शिडांसारख्या छपराखाली रांगा. अमेरिकेचं इमिग्रेशन इथेच, जहाजात चढण्याआधी उरकतात. जहाजाच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि दहा पावलांवर पहिलं टेबल: स्पा. पुढे दुसरं: खास जेवणं. तिसरं: पेयं, "अजूनही वेळ गेलेली नाही". दाजींनी कार्डावरचं चिन्ह दाखवलं आणि टेबलामागची मुलगी अशी हसली, की आम्हाला आम्ही फुकटे वाटलो.

हिने स्पाच्या टेबलापाशी पाय थांबवला. थर्मल सूट नावाचा प्रकार होता. गरम केलेल्या सिरॅमिकच्या आरामखुर्च्या, समोर जमिनीपासून छतापर्यंत काच, काचेबाहेर समुद्र. सात दिवसांचा पास, मोजकेच विकतात. दर पस्तीस कॉफ्या. मी म्हणालो, "काल तूच हिशेब करत होतीस ना?" ती म्हणाली, "तो पेल्यांचा होता. हा पाठीचा आहे." आणि कार्ड पुढे केलं.

संध्याकाळी जहाज लायन्स गेट पुलाखालून गेलं. 1938 सालचा हा झुलता पूल. वरच्या डेकवर उभं राहिलं की वाटतं, चिमणी आता घासणार. सगळे मान वर करून श्वास रोखून उभे, आणि पूल डोक्यावरून निघून गेल्यावर सगळ्यांनी एकदम सोडलेला तो श्वास मला ऐकू आला. दाजींच्या हातात तिसरं कॉकटेल होतं, छोट्या छत्रीसकट.

रात्री अकराच्या सुमाराला सेमूर नॅरोज. व्हँकूव्हर बेट आणि क्वाड्रा बेट यांच्यामधली चिंचोळी खिंड. भरती-ओहोटीचा ओढा इथे 15 नॉटपर्यंत चढतो, म्हणून मोठी जहाजं पाणी थबकण्याची वेळ साधून निघतात. खिंडीच्या मधोमध पाण्याखाली रिपल रॉक नावाचा दुहेरी सुळका होता, जहाजं गिळणारा. 5 एप्रिल 1958 रोजी शेजारच्या बेटावरून समुद्राखाली बोगदा खणून, सुळक्याच्या पोटात स्फोटकं भरून तो उडवला. ही सगळी माहिती मला दाजींनी दिली. त्यांना बारमनने दिली होती.

ताईने झोपायच्या आधी वही काढली. दोघांचं मिळून सोळा कॉफ्या. "पहिला दिवस अर्धाच होता," असं तिने कंसात लिहिलं.

दुसरा दिवस : समुद्र

दिवसभर जमीन दोन्ही बाजूंना, पण उतरायचं कुठेच नाही. पॅकेज बनवणाऱ्याने डोळ्यांसमोर असाच दिवस ठेवला असणार. ढगाळ हवा, खिडकीपाशी जागा, दर अर्ध्या तासाला कोणीतरी ट्रे घेऊन समोर. दाजींनी सकाळी दोन कॉफ्या, मग पाच कॉकटेल आणि दोन बिअर असं रीतसर काम उरकलं. ताईनेही धीर करून दोन कॉकटेल आणि दोन मॉकटेल घेतले. सत्तावीस. दिवसाच्या सव्वीसच्या वर एक.

"बघ, जमतंय," दाजी म्हणाले. पण रात्रीच्या जेवणाला ते आले नाहीत. झोपले होते. जेवण तिकिटातच होतं, चार कोर्सचं. ते बुडालं, त्याची नोंद वहीत झाली नाही.

मी दुपारी ताईला विचारलं, "मजा येतेय ना?" ती म्हणाली, "अरे, येतेय. फक्त तहान लागली नसताना उठून काहीतरी मागवावं लागतं. हे लांबून बोट करून विचारतात, तुझा ग्लास कुठाय." मग तिला ही कुठे दिसेना म्हणून शोधायला गेली आणि थर्मल सूटच्या काचेबाहेर उभी राहिली. आत ही गरम खुर्चीवर आडवी, अंगावर रोब, पुस्तक पोटावर पालथं. ताई तडक स्पाच्या टेबलावर गेली. पास संपले होते.

तिसरा दिवस : जुनो

जुनो अलास्काची राजधानी, पण बाहेरच्या जगातून इथे येणारा रस्ता नाही. विमानाने या किंवा बोटीने. जहाज दुपारी एकला लागलं, रात्री दहाला सुटणार होतं.

मेंडेनहॉल हिमनदी गावापासून वीसेक किलोमीटर. जहाजाची सहल घ्यायची की धक्क्यावरून शटल पकडायची, हा इथला पॅकेजप्रश्न. जहाजाची सहल महाग, पण ती उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतः गेलात आणि अडकलात तर जहाज निघून जातं, आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपला. रस्ता नसलेल्या गावात अडकणं म्हणजे विमानच. पण आमच्या हातात नऊ तास होते आणि हिमनदी तासाभराच्या आत. आम्ही शटल घेतली. नऊऐवजी पाच तास असते तर मी निमूट जहाजाचे पैसे भरले असते.

हिमनदीसमोरचं तळं जुनं वाटतं, पण ते विसाव्या शतकातलं आहे. बर्फ मागे सरकत गेला आणि त्याने सोडलेल्या खड्ड्यात पाणी साचलं. तळ्याकाठून नगेट धबधब्यापर्यंत पाऊणएक तास रमत गेलो. धबधब्याच्या पायथ्याशी तुषारांनी चष्मा भिजला. पुसला, पुन्हा भिजला, मग काढूनच ठेवला. बर्फाचा निळा रंग चष्म्याशिवायही निळाच दिसत होता.

दाजी साडेतीनपासून घड्याळ बघत होते. गावात परतल्यावर आम्ही दोघं एका लाकडी बारमध्ये शिरलो, तिथलीच बिअर प्यायला. दाजी दारातच थांबले. "इथे पैसे द्यायचे? तिकडे भरलेत ना आपण." ताईला आत यायचं होतं, हे तिच्या पायांवरून कळत होतं. दोघं जहाजावर परत गेली. आम्ही साडेआठपर्यंत गावात भटकलो.

वहीत: बारा.

चौथा दिवस : स्कॅगवे

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हे गाव म्हणजे पॅकेजच्या धंद्याचं मूळपीठ आहे असं मला वाटायला लागलंय.

1897 साली क्लोंडाइकच्या सोन्याची बातमी फुटली आणि हजारो माणसं स्कॅगवे आणि शेजारच्या डायीमध्ये उतरली. सोनं इथे नव्हतंच. ते डोंगरापलीकडे, कॅनडात, शेकडो मैल आत. आणि खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे. वर्षभर पुरेल इतकी शिधासामग्री सोबत असल्याशिवाय आत सोडायचं नाही, असा त्यांचा हुकूम. अवजारं, तंबू धरून माणशी जवळजवळ एक टन. हुकूम क्रूर नव्हता. त्याशिवाय माणसं हिवाळ्यात उपाशी मेली असती. पण एक टन पाठीवर एका खेपेत जात नाही. थोडं वर न्यायचं, ठेवायचं, खाली यायचं, पुन्हा न्यायचं. व्हाइट पासच्या वाटेवर तीनेक हजार घोडी-खेचरं मेली, त्या दरीला अजून डेड हॉर्स गल्च म्हणतात. इतकं करून पोचलेल्यांतल्या बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही, कारण चांगल्या जागा आधीच गेल्या होत्या. ज्यांनी सिअ‍ॅटलमध्ये फावडी, पीठ आणि बूट विकले त्यांचं मात्र चांगभलं झालं.

हे मी गाडीत दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी घोडा की खेचर?"

गाडी म्हणजे व्हाइट पास अँड यूकॉन रूट, तीन फुटी रुळांची. 1898 मध्ये काम सुरू, 1900 मध्ये पुरी, तोवर सोन्याची लाट ओसरलेली. धक्क्यापासून वीस मैलांत जवळपास तीन हजार फूट चढते. गाडीची तिकिटं आम्ही जहाजाकडून न घेता थेट रेल्वेकडून घेतली होती, कारण गाडी धक्क्याशेजारूनच सुटते आणि तिथेच परत येते. जहाज थांबेल की नाही, ही भीती इथे विकत घेण्यात अर्थ नव्हता. डब्याच्या टोकाला बाहेर उभं राहायला छोटा कठडा असतो. मी जाता-येता तिथेच उभा होतो. लाकडी पुलावरून खाली पाहिलं तर जुनी पायवाट अजून दिसते, एका माणसापुरती रुंद, कातळाला चिकटलेली. लोखंडी कठडा इतका गार होता की तळव्यांवर त्याचे पट्टे उमटले.

डब्यात पाणी ठेवलेलं होतं, ज्याला हवं त्याने घ्यावं. दाजींनी तेही घेतलं.

वहीत: अकरा. ताईने आता कंसात काही लिहिणं सोडलं होतं.

पाचवा दिवस : ग्लेशियर बे

पहाटे एक छोटी बोट जहाजाला येऊन लागली आणि चालत्या जहाजाच्या शिडीवरून राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर वर चढले. दिवसभर तेच ध्वनिक्षेपकावरून सांगत होते. या उपसागरात दिवसाला दोनच क्रूझजहाजं सोडतात. 1794 मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली, तेव्हा उपसागर नव्हताच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. 1879 मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर आला तोवर बर्फ चाळीसेक मैल मागे गेलेला. आता शेवटच्या टोकापर्यंत पासष्ट मैल जहाज आत जातं. म्हणजे सकाळभर आम्ही ज्या पाण्यावरून सरकत होतो, तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फच होता.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं आणि हळूहळू जागेवर फिरायला लागलं, दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं म्हणून. पाण्यावर अडीचशे फूट उंच, मैलभर रुंद भिंत. आधी काहीच होत नाही. मग कुठेतरी बंदुकीसारखा आवाज येतो, आणि आवाज येईपर्यंत बर्फ पडून गेलेला असतो. सगळे चुकीच्या दिशेला बघत असतात. इथले मूळचे त्लिंगित लोक या आवाजाला पांढरी मेघगर्जना म्हणतात. तिसऱ्या वेळी मला नेमका दिसला: एक निळा कडा, आधी जरासा पुढे झुकला, विचार केल्यासारखा थांबला, आणि मग खाली बसला. लाट आमच्यापर्यंत आली तेव्हा जहाजाला काही झालं नाही, पण एका हिमखंडावरची सील पाण्यात घसरली आणि परत चढली.

हे तिकिटातच होतं. इथे पॅकेज नव्हतं, वरचा वर्ग नव्हता, सगळे एकाच कठड्याला टेकून. कोणीतरी गरम सूपही वाटलं, फुकट.

मी फोन काढून फोटो पाठवायला गेलो. माझं सात दिवसांचं इंटरनेट डोंगरांच्या मधे मान टाकून पडलेलं. हिने वळून पाहिलं. "जहाजाचं इंटरनेट घेतलंस तू?" आता लपवण्यात अर्थ नव्हता. पाच दिवसांत मी त्यावर ऑफिसच्या मेल्स वाचल्या होत्या, बाकी काही नाही. तीनही बंदरांवर फोन आपला आपण चालत असतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. त्याचे एकवीस कॉफ्या झाले. इथे आमच्या खात्यावरही एक खेचर पडलं.

वहीत: एकवीस. थंडीमुळे दाजींनी आयरिश कॉफीचा सपाटा लावला होता.

सहावा दिवस : केचिकन

पाऊस. इथे वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पडतो, त्यातला बराचसा आमच्यासाठी राखून ठेवलेला असावा. क्रीक स्ट्रीटची लाकडी घरं ओढ्यावर खांब रोवून उभी, आणि खाली पाण्यात सामन मासे इतके दाट, की ओढ्याचा तळ हलतोय असं वाटावं. प्रवाहाच्या उलट, एकाच जागी पोहत थांबलेले. अधूनमधून एखादा उडी मारतो, पडतो, पुन्हा तिथेच. ताई छत्री धरून तासभर तिथून हलली नाही. दाजी म्हणाले, "चल, दुपारचे दोन वाजले." ती म्हणाली, "तुम्ही जा. माझ्या वाटणीचं तुम्हीच प्या."

आणि गंमत म्हणजे नेमकं तेच करता येत नाही. कार्ड ज्याचं त्याचंच.

वहीत: तेरा.

सातवा दिवस : समुद्र

शेवटचा संधी-दिवस. बेरीज शंभरावर येऊन थांबलेली, ब्याऐंशी बाकी. दाजी न्याहारीनंतर सगळ्यात वरच्या डेकवरच्या बारमध्ये जाऊन बसले, पुढच्या बाजूच्या काचेसमोर.

मला तोवर त्यांची थोडी कीव यायला लागली होती. ती संध्याकाळी पाचला संपली. केबिनमधला फोन वाजला. दाजी. "वर या. सगळे या. लगेच." जॉन्स्टन स्ट्रेट ही सामुद्रधुनी लागली होती आणि उजव्या बाजूला ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, होत्या. आम्ही पोचलो तेव्हा पाच, मग सहा काळे पंख पाण्यातून वर येत, वाकत, आत जात होते. एक पंख इतका उंच की तो शेवटी आत गेला. दाजी सकाळपासून तिथे बसून होते, बारमनने त्यांना दुर्बीण दिली होती, कुठल्या वेळी कुठे बघायचं ते सांगितलं होतं. त्या खुर्च्या आठवडाभर सगळ्यांसाठीच होत्या. पण काही न मागवता तिथे तासन्‌तास बसायचा मला संकोच वाटायचा. ग्लास संपला की कोणीतरी विचारायला येणार, मग मी कार्ड पुढे करणार, मग सही. दाजींना ते नव्हतं. पॅकेजमधली ही गोष्ट आमच्या कॉफीच्या हिशेबात कुठेच बसली नव्हती, आणि हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. ते दुर्बिणीतून नजर न काढता म्हणाले, "लिहून दे."

ही खालून रोबमध्येच धावत आली होती, केस ओले. तिने गरम खुर्चीवर किती तास काढले ते एकदाही मोजलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, आठवत नाही.

वहीत: तीस. सगळ्या प्रवासातला उच्चांक. एकूण एकशे तीस. बावन्न कॉफ्या पाण्यात.

आठवा दिवस : पुन्हा व्हँकूव्हर

सकाळी दाराच्या फटीतून बिल सरकवलेलं. आमच्या दोघांच्या पेयांच्या छत्तीस कॉफ्या, त्यात माझ्या बिअर नऊ. हिचा पास धरून एकाहत्तर, माझं इंटरनेट धरून ब्याण्णव. ताईने आमचं बिल वाचलं, आपलं वाचलं, वही बंद केली आणि वही मला दिली. "तुला काय लिहायचं ते लिही. यांचं नाव नको घालूस."

दाजींच्या खांद्याला एक नवीन पिशवी होती, जड. पाण्याच्या बाटल्या. रात्री बार बंद होईपर्यंत त्यांनी एकेक करून सात जमवल्या होत्या, एका वेळी एकच देतात म्हणून सात फेऱ्या मारून. "तेवढंच आपलं," ते म्हणाले.

विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत पाटी लागली तेव्हा कुठे आम्हा चौघांच्याही लक्षात आलं: 100 मिलिलिटरच्या वर द्रवपदार्थ आत नेता येणार नाहीत. रांगेत मागे माणसं वाढत होती. दाजींनी पिशवी उघडली, पहिली बाटली स्वतः तोंडाला लावली, दुसरी माझ्या हातात दिली, तिसरी हिच्या. मग ताईकडे वळले. ताईने बाटली घेतली, झाकण उघडलं, एक घोट घेतला.

"अर्धी ठेवली तर चालेल?" तिने विचारलं.